दारापर्यंत अकरा पावलं

नोकरीच्या पाचव्या दिवशी इन्चार्ज सिस्टरांनी मला नवजात कक्षाच्या दारात उभं केलं. "इथं धोका कुठं दिसतो, सांग." मी पाहत राहिले. फरशी लख्ख, वॉर्मर सुरू, चार बाळं शांत झोपलेली. मला काहीच दिसेना.

"आपण भंडारा जिल्ह्यात आहोत," त्या एवढंच म्हणाल्या. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली. आत 17 बाळं होती. 7 वाचली, 10 गेली. तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. आई फोनवर नुसती रडत होती.

शिकवायला अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक काका आले. ते बोट दाखवत गेले, तसतसं मला दिसू लागलं. वॉर्मर, फोटोथेरपीचा दिवा आणि कुणाचा तरी मोबाइल एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. शेजारी स्पिरिटची बाटली. "ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. चादरी-दुपट्यांत मुरून राहतो," काका म्हणाले. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लावायचा नाही, हेही मी त्या दिवशीच ऐकलं. आग विझवायच्या नळकांड्याची पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवायची. पण लहान नळकांडं काही सेकंदांतच रिकामं होतं आणि धूर ज्वाळेच्या आधी जीव घेतो. म्हणून आधी बाळं.

मग एका रिकाम्या खोलीत दिवे मालवले. दुपट्यात गुंडाळलेल्या चार उशा म्हणजे चार बाळं. मी एक उचलली. दुसरी कुठली घ्यावी, सुचेना. चाचपडत दाराशी आले, तर समोर ट्रॉली. सकाळी ती मीच तिथं लावली होती, येण्याजाण्याच्या वाटेत नको म्हणून.

दिवे लागले. तीन उशा आतच होत्या.

माझे हात थरथरत होते. धोका मी ठिणगीत शोधत होते. तो मी सोयीसाठी सरकवलेल्या ट्रॉलीत होता. हे कागदावर वाचून मला कधीच कळलं नसतं. नव्या मुलीला पहिली रात्रपाळी देण्याआधी एकदा तरी असं अंधारात उभं करायला हवं.

आता पाळीवर आले, की वॉर्मरपासून दारापर्यंत चालून पाहते. अकरा पावलं. दार स्वतः उघडून बघते. मगच बाळांच्या नोंदी हातात घेते.