टॅबला नेट कुठून द्यायचं?

फवारणीच्या नोंदी टॅबवर ठेवतो असं मागं लिहिलं होतं, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय. "दादा, फोनचं सिम टॅबमध्ये टाकलं तर चालतं का?" दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून सविस्तर लिहितोय. आमचा प्लॉट द्राक्षाचा, गाव निफाड तालुक्यातलं. गोडी छाटणीनंतरचे दोन महिने आमच्यासाठी नेट म्हणजे चैन नाही. पान किती तास ओलं राहिलं, उद्या पाऊस आहे का, डाऊनीसाठी आज फवारायचं की थांबायचं, हे सगळं हवामान केंद्राच्या ॲपवर बघूनच ठरतं. निर्यातीचा माल असेल तर प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, प्रमाण आणि काढणीपूर्व कालावधी लिहून ठेवावाच लागतो. ती वही आमच्याकडं टॅबवर आहे आणि ती सौ. सांभाळते. मी बाजारात, बँकेत, नाहीतर दुसऱ्या प्लॉटवर. माझा फोन माझ्या खिशात. मग शेडवर नेट नको का?

टॅब घेताना सिमवाला घेतला, दोन-तीन हजार जास्त मोजून. आता सिम कोणतं टाकायचं, हा प्रश्न. घरात चार सिम चालू. आईच्या कीपॅडवाल्या ४जी फोनला स्वस्तातला रिचार्ज आहे, त्यात रोज थोडा डेटा मिळतो आणि आई तो वापरत नाही. धाकट्या भावानं तेच सिम टॅबमध्ये घालून बघितलं. नेट काही सुरू होईना. माझ्या फोनमध्ये घातलं, तिथंही तेच. मोबाईलच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "काका, हा प्लॅन त्या हँडसेटपुरता असतो." म्हणजे पैसे आपले, डेटा आपला, पण तो कुठल्या डब्यात ओतायचा ते ठरवणार कंपनी.

हे कंपनीला कळतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक फोनला, टॅबला, राउटरला १५ आकडी आयएमईआय असतो. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो. त्यातले पहिले ८ आकडे म्हणजे त्या वस्तूचं गोत्र: कोणाची बनावट, कोणतं मॉडेल. सिम घातलं की टॉवर सिमचा नंबर तर घेतोच, हाही नंबर विचारून घेतो. मग फोन आहे की टॅब, की भिंतीवरचा राउटर, हे पहिल्या आठ आकड्यांतच कळतं. प्लॅन ज्या मॉडेलसाठी आहे त्यात ते बसलं नाही, तर डेटाचं दार उघडत नाही. टॉवरच्या दांड्या मात्र कधी कधी पूर्ण दिसतात, त्यामुळं आपण बिचारे टॅबलाच दोष देतो.

माझं स्वतःचं सिम टॅबमध्ये घातलं तेव्हा नेट मस्त चाललं. नेहमीच्या स्मार्टफोनच्या प्रीपेड प्लॅनला आपल्याकडं सहसा अशी आडकाठी नसते. पण आमच्या टॅबवर कॉलची सोयच नाही. त्यात व्यापारी फोन करतो तो याच नंबरवर, आणि यूपीआयसुद्धा ज्या फोनात सिम आहे त्यालाच बांधलेलं. सिम काढलं की पुन्हा सगळी पडताळणी. रोज सकाळी सिम काढून टॅबमध्ये आणि संध्याकाळी परत फोनमध्ये, हा उद्योग दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी ती पिन सापडेना आणि सौ. म्हणाली, "त्यापेक्षा मी वहीत लिहिते."

टॅबसाठी वेगळं सिम घ्यायला गेलं तर आणखी गंमत. आमच्या टॅबला दिवसाला शंभर-दीडशे एमबी पुरतात. नुसता डेटा द्या म्हटलं तर बहुतेक डेटा पॅक मूळ प्लॅनवरच चालतात. मूळ प्लॅनमध्ये अमर्याद कॉल आणि एसएमएस, जे टॅबवरून करताच येत नाहीत. इकडं माझ्या फोनचे २ जीबी आहेत, त्यातले निम्मे रोज रात्री बाराला वाया जातात. एकाच घरात एका शेतात पाणी बांध फोडून वाहतंय आणि शेजारच्या वाफ्याला दुसऱ्या पाटाची पट्टी भरा म्हणतात, तसं हे. ट्रायनं २३ डिसेंबर २०२४ ला नियम केला, की ज्याला फक्त कॉल आणि एसएमएस हवेत त्याच्यासाठी डेटा नसलेले वेगळे रिचार्ज ठेवा. आईसारख्या माणसांसाठी चांगलं झालं. आता याच्या उलटं, कॉल नको नुसता डेटा हवा, असं सांगणारे आपल्यासारखे शेतकरी कमी नाहीत. पंपाचा स्टार्टर, कॅमेरा, टॅब, सगळ्यांना तेवढंच हवं असतं.

अमेरिकेत माझा पुतण्या आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, तिकडं तर फोनच्या अनलिमिटेड लाइनचं सिम टॅबमध्ये घालायला बऱ्याच प्लॅनच्या अटीतच मनाई असते, टॅबची लाइन वेगळी घ्यायची. तिकडं यावर भांडण झालेलं आहे. २००८ मध्ये ७०० मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्याचा लिलाव झाला, तेव्हा तिथल्या सरकारी आयोगानं अट घातली होती, की हा पट्टा घेणाऱ्यानं ग्राहकाला त्याच्या पसंतीचं उपकरण आणि ॲप वापरण्यापासून अडवायचं नाही. पट्टा व्हेरायझननं घेतला. पुढं फोनचं नेट दुसऱ्या उपकरणाला देणारी ॲप अडवल्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये त्यांनी साडेबारा लाख डॉलर भरून तडजोड केली. आपल्याकडं ट्रायनं ८ फेब्रुवारी २०१६ ला सांगितलं, की नेटवर काय बघता यावरून वेगवेगळा दर लावायचा नाही. ते उत्तम आहे. पण कशावर बघता, याबद्दलही कुणीतरी तेवढ्याच ठामपणे बोलायला हवं, असं माझं मत.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. तालुक्याच्या गावी एका पोरानं मला हळूच सांगितलं, "पाचशे द्या, टॅबचा आयएमईआय बदलून देतो, नेटवर्कला फोनच वाटेल." मंडळी, या भानगडीत पडू नका. टेलिकम्युनिकेशन ॲक्ट २०२३ प्रमाणं अशा ओळख क्रमांकाशी छेडछाड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपयांत एवढं मोठं लचांड कशाला?

दुसरं, हवामान केंद्रातलं सिम काढून बघायचा मोह होतो. ते बहुतेक वेळा १३ आकडी नंबरचं, यंत्रासाठीचं सिम असतं. ते ठरवून दिलेल्या ठिकाणीच बोलतं, टॅबमध्ये त्याचा उपयोग नाही. उलट काढघाल करताना केंद्र बंद पडलं तर ऐन फुलोऱ्यात दोन दिवसांची आकडेवारी जाते.

आम्ही शेवटी केलं ते असं. भावाचा स्क्रीन तडकलेला जुना फोन पडून होता. त्यात दुसरं साधं सिम घातलं आणि हॉटस्पॉट चालू करून शेडमध्ये ठेवला. टॉवरला दिसतो तो फोन, टॅब त्याच्या मागं वायफायवर. चोरी नाही, लपवाछपवी नाही, हॉटस्पॉट फोनमध्येच दिलेला असतो. त्यावर सौ.चा टॅब चालतो, कॅमेरा चालतो, मजुरांची पोरंही दुपारी अभ्यासाचं काहीतरी बघतात. एका रिचार्जमध्ये तीन कामं झाल्यामुळं पैसे गेल्याचं वाईट वाटत नाही. ज्यांच्याकडं पोस्टपेड आहे त्यांनी फॅमिली प्लॅन विचारावा, त्यात एकाच बिलावर दुसरं सिम जोडून डेटा वाटून घेता येतो. आणि नवा टॅब घ्यायचा असेल तर निव्वळ वायफायवाला घेतला तरी या पद्धतीत काही अडत नाही, वरचे दोन-तीन हजार वाचतात.

जुना फोन ठेवताना तीन गोष्टी बघा. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'कोणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद' असा पर्याय असतो, तो काढून टाका, नाहीतर रोज कुणीतरी शेडवर जाऊन चालू करत बसावं लागतं. फोन पत्र्याला चिकटवून ठेवू नका, उन्हाळ्यात बॅटरी फुगते. आम्ही उत्तरेकडच्या भिंतीला, औषधाच्या कपाटापासून लांब, जाळीच्या टोपलीत टांगलाय. आणि चार्जर चोवीस तास लावून ठेवू नका. आमच्याकडं सिंगल फेज येते-जाते, त्यामुळं ते काम महावितरण आपसूक करतं.