सुतावरून स्वर्ग

मराठी माणूस सुतावरून स्वर्ग गाठतो, असं म्हणतात. हे सूत चरख्यावरचं असावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी आज ज्या सुताविषयी सांगणार आहे ते सुताराचं. एका इंचात अशी आठ सुतं असतात. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली, पाठोपाठ शेर, मण आणि गजही कागदावरून गेले. पण सूत काही गेलं नाही. टेपवर मिलिमीटर ठळक छापलेले असले तरी मिस्त्री ‘१५ इंच ३ सूत’ असंच म्हणतो आणि त्याचं काही अडत नाही.

माझं म्हणाल तर मी बँकेतला कारकून. शिक्षण बी.कॉम. लाकडाशी संबंध टेबलामागे बसण्यापुरता. तो वाढला आईच्या गुडघ्यांमुळे.

डॉक्टरांनी आईला सांगितलं, “जमिनीवर बसायचं नाही.” डॉक्टरांचं वाक्य तीन शब्दांचं, पण आमचा देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जमिनीवर, पाटावर ठेवलेला! चार दिवस आईने वाकून पूजा केली. पाचव्या दिवशी खुर्ची आणली, तर खुर्चीवरून देवापर्यंत हात पोचेना. शिवाय “देवापेक्षा उंच बसू की काय?” हा प्रश्न होताच. मी प्लास्टिकचं स्टूल सुचवलं. आई म्हणाली, “त्यावर बसून माणसं अंघोळ करतात.” आणि एका सकाळी तिने पूजा सुनेवर सोपवली नि स्वतः पलंगावर बसून लांबूनच हात जोडले. ती कुरकुरली असती तर मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. तेवढा सराव प्रत्येक मुलाला असतो. पण ती काहीच बोलली नाही. आमच्या घरात ही गोष्ट फार गंभीर समजली जाते.

तेव्हा आईसाठी १६ इंचांचं स्टूल आणि देवांसाठी त्याहून उंच, २४ इंचांची घडवंची, असा ठराव झाला. आई वर चढणार म्हटल्यावर देवांना बढती देणं भाग होतं. बँकेत बढतीबरोबर बदली येते. देवांची तेवढी गैरसोय टळली, कोपरा तोच राहिला.

चौथ्या मजल्यावर एका फ्लॅटचं काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रींना गाठलं. ते म्हणाले, “साहेब, पूर्ण किचन असेल तर बोला. एका स्टुलासाठी हत्यारं काढणं परवडत नाही. तुम्हीच करा की. अडलं तर मी आहे वर.”

ही बातमी मी घरात सांगितली तेव्हा सौ. पोळ्या लाटत होती. लाटणं क्षणभर थांबलं. “अहो, बल्ब बदलायचा तर तुम्ही वॉचमनला हाक मारता!”

२०१५ च्या सप्टेंबरपासून आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा मिळू लागला. त्यांतला एक शनिवार मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात घातला. पुण्यातले जुने वाडे पाडले की त्यांच्या तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या विकायला येतात. मिस्त्रींनी बजावून ठेवलं होतं, “जुनं सागवानच घ्या. त्याला जे काही वाकायचं, आक्रसायचं असतं ते सगळं करून झालेलं असतं.” मला एकदम आमचे निवृत्त हेडक्लार्क आठवले. मग रविवार पेठेतून करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि गिरमिट घेतलं. सौ.ने बिलांची बेरीज केली नि म्हणाली, “एवढ्यात तीन तयार स्टुलं आली असती.” कॉस्टिंग मी शिकलोय; पण ते घरात हिलाच जास्त येतं.

पुढचे दोन महिने मी मिस्त्रींच्या क्लासला होतो. पहिला धडा गणिताचा. तीन फुटांच्या फळीचे एकेक फुटाचे तुकडे किती? पुस्तकात तीन. वखारीत तीन होत नाहीत, कारण दर वेळी करवत स्वतःच्या जाडीइतकं लाकूड खाते. दोन काप म्हणजे तीन-चार मिलिमीटर भुसा. हे मला पटकन कळलं. व्यवहार कोणाचाही असो, मधल्याचं कमिशन आधी वजा होतं.

दुसरा धडा रंध्याचा. लाकडाच्या रेषा ज्या बाजूला चढत जातात त्या दिशेने रंधा ओढला तर रेशमासारखी ढलपी निघते. उलट ओढला तर लाकूड अंगावर येतं, तुकडे उपटून निघतात. मांजर आणि मॅनेजर यांच्या बाबतीतही हाच नियम आहे.

तिसरा खिळ्याचा. फळीच्या कडेला खिळा मारायचा तर आधी त्याच्या टोकावर हातोडी मारून ते बोथट करायचं. टोकदार खिळा लाकडाच्या रेषा पाचरीसारख्या फाकवतो नि फळी चिरते; बोथट खिळा त्या चिरडत सरळ आत जातो. सौम्य दिसणारी माणसं ऑफिसात खोलवर कशी शिरतात ते मला त्या दिवशी उमगलं.

मग पायांचा वाद निघाला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. ते म्हणाले, “तीन पाय ठेवा. तीन पायांचं स्टूल कुठेही ठेवा, डुगडुगत नाही.” गोष्ट खरी आहे. पण मिस्त्री म्हणाले, “डुगडुगणार नाही, पण कलंडेल. आजी फूल घ्यायला बाजूला वाकल्या की वजन दोन पायांच्या बाहेर गेलंच म्हणून समजा.” शास्त्र दोघांचंही बरोबर होतं, गुडघे मात्र आईचे होते. चार पाय ठरले. कुसू खाचेत बसवले, सरस लावला आणि जुन्या सायकलच्या ट्यूबने सगळा सांगाडा रात्रभर आवळून ठेवला.

चार पाय एका पातळीत आणायला सपाट जागा लागते. आमच्या घरातली सर्वांत सपाट जागा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, आणि तो माझ्या हुकमतीत येत नाही. रीतसर अर्ज केला, रविवारी दुपारी दोन ते तीन मंजूर झाला. स्टूल ओट्यावर उभं केलं, लहान पायांखाली पत्त्यांचे तुकडे सारून ते स्थिर केलं, एका चपट्या काडीवर पेन्सिल आडवी धरली आणि ती ओट्यावरून चारही पायांभोवती फिरवली. सगळ्या पायांवर एकाच उंचीची रेघ आली, तेवढं कापलं, काम झालं.

पण मला खरं चकवलं ते बैठकीने. दोन फळ्या जोडून केलेली बैठक खालच्या पट्ट्यांना स्क्रूने बसवायची, तर मिस्त्री म्हणाले, “पट्टीतलं भोक गोल नको, लांबट पाडा. आषाढात फळी रुंदीला फुगणार, वैशाखात आक्रसणार. लांबीत फरक पडत नाही. स्क्रूला इकडेतिकडे सरकायला जागा नाही ठेवली, तर फळी चिरते.”

आता मी चिकटलो तेव्हा आमच्या शाखेत जाडजूड लेजरं होती. संध्याकाळी बारा पैशांचा फरक निघाला तर शेवटची बस चुकली तरी बेहत्तर, पण तो सापडल्याखेरीज कोणी उठायचं नाही. पुढे कॉम्प्युटर आला नि टॅली तो करू लागला. आम्ही नुसते बघतो. ज्याची नोकरी फरक शून्यावर आणण्यात गेली त्याला मिस्त्री सांगत होते, की फरकासाठी मुद्दाम जागा सोडा! मी ते भोक दोन सूत लांब पाडलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी हिशेबात फट ठेवली होती, आणि स्टूल त्या फटीमुळेच टिकणार होतं. पूजा सोपवून गप्प बसलेल्या आईलाही बहुधा आम्ही डॉक्टरांच्या वाक्यावर गच्च आवळून टाकलं होतं. तिला थोडं लांबट भोक हवं होतं, इतकंच.

अक्षय तृतीयेला देव घडवंचीवर चढले. आई स्टुलावर बसली. हात ताम्हनापर्यंत पोचत होता, देव छातीच्या वर होते, कोणाच्याही मानाला धक्का लागला नव्हता. तासभर पूजा चालली. एरवी वीस मिनिटांत उरकते. मागची थकबाकी व्याजासह फेडत असावी.

मी दारात उभा होतो. स्टुलाची परीक्षा बसण्यात नसते, उठण्यात असते. आईने आरती ठेवली, दोन्ही तळवे बैठकीच्या कडांवर टेकले आणि भिंतीला हात न लावता सरळ उभी राहिली. तोंडाने “आई गं” म्हणालीच. पण ते नुसतं सवयीचं होतं.

मग स्टुलाकडे वळून तिने ते चारी बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाली, “मिस्त्री चांगला आहे हं!”