तीनशे तीस ओहमचा उजेड

दुकानदार बॅटरी दाखवतो ती भर दुपारी. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर झोत मारतो आणि म्हणतो, "बघा कुठवर जातोय!" रात्री दोन वाजता पाण्याचा तांब्या शोधताना हाच झोत फरशीवरून उसळून डोळ्यांत येतो. तांब्या सापडतो, पण झोप उडते. आपली आणि घरातल्या बाकीच्यांचीही. खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा दरवर्षी फुगत चालला आहे. बॅटरी किती मंद जळू शकते, हे मात्र क्वचितच कुणी छापते. माझ्या मते हल्लीच्या बॅटऱ्यांत उणीव आहे ती मंद उजेडाची, आणि ती घरच्या घरी भरून काढता येते.

त्यासाठी स्वस्तातली बॅटरीच बरी. तीन ट्रिपल-ए सेलची, नऊ एलईडींची, मागे रबरी बटण असलेली ॲल्युमिनियमची नळी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या पोटात सर्किट जवळपास नसतेच. बटणाचे काम एवढेच, की सेलची ऋण बाजू नळीच्या अंगाला जोडायची. बटणाच्या या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर सोल्डर करून टाकला, की बटण बंद असतानाही थोडासा प्रवाह त्या आडवाटेने जात राहतो आणि एलईडी मिणमिणतात. बटण दाबले की प्रवाहाला राजमार्ग मिळतो आणि पूर्वीचा झोत जसाच्या तसा पडतो.

प्रश्न उरतो, रेझिस्टर केवढा? कागदावर हिशेब सोपा आहे. नवे सेल मिळून ४.५ व्होल्ट देतात. इतक्या कमी प्रवाहाला पांढरी एलईडी साधारण २.७ व्होल्ट घेते. उरले १.८. पाच-साडेपाच मिलिअँपिअर हवे असतील तर ३३० ओहम. पण हा आकडा कागदावर पक्का करू नये, डोळ्यांनी करावा. मी शेपटीचे झाकण काढून तिथे चिमट्यांनी एक किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, जोडतो, दिवे मालवतो आणि नुसता बसून राहतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ज्याला तेवढा धीर नाही, तो हमखास जास्त उजेड निवडतो. मग पॉट हळूहळू फिरवायचा. माझी कसोटी अशी: हातातल्या वर्तमानपत्राची बातमी वाचता यावी आणि शेजारी झोपलेल्याने कूसही बदलू नये. जिथे दोन्ही जमते तिथे थांबायचे, पॉट सोडवायचा आणि मीटरवर ओहम वाचायचे. माझ्या बॅटऱ्यांना बहुधा ३३० च्याच आसपास जमते. पुण्यात तपकीर गल्लीत नारिंगी-नारिंगी-तपकिरी पट्ट्यांचा हा रेझिस्टर चिल्लरीत मिळतो. पाव वॉटचा पुरे. त्यात जिरते ती जेमतेम दहा मिलिवॉट.

पूर्ण झोतात अशी बॅटरी शे-दीडशे मिलिअँपिअर खाते. म्हणजे उजेड पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास आला. पण डोळा असा सरळ भागाकार करत नाही. प्रकाश आठपट कमी केला, तर त्याला तो साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. गमावतो थोडे आणि वाचवतो पुष्कळ, असा व्यवहार इतरत्र क्वचितच मिळेल. १००० मिलिअँपिअर-तासांचे अल्कलाइन सेल या चालीने आठवडाभर अहोरात्र जळू शकतात; शेवटी शेवटी अगदीच क्षीण, पण जळतात.

महागड्या बॅटऱ्यांत मंद उजेड असतो, हे खरे. त्यातल्या बऱ्याच जणी तो एलईडी भराभर चालू-बंद करून मिळवतात. अशी बॅटरी अंधारात झपकन फिरवली, की सलग रेघेऐवजी ठिपके दिसतात. मला ते रुचत नाही. रेझिस्टर थोडी वीज उष्णतेत घालवतो खरा, पण त्याचा उजेड थरथरत नाही.

मंद उजेडाची गरज आकाश पाहणाऱ्यांनाही असते. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, त्यामुळे अशा लोकांची या शहराला सवय आहे. ही मंडळी बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटिनचा कागद लावतात. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशी लाल रंगाला फारशा दाद देत नाहीत, म्हणून तारकानकाशा पाहूनही सरावलेली नजर टिकते. मंद उजेडावर हा कागद चढवला तर उत्तमच. झगझगीत झोतावर नुसत्या कागदाने भागत नाही.

आणि मंद उजेड हवा तो काजव्यांच्या रानातही. मेअखेर, पावसाच्या तोंडावर भंडारदरा-पुरुषवाडीच्या रानात काजवे झाडे पेटवतात, ते आपल्यासाठी नव्हे. ती त्यांची जोडीदाराला घातलेली साद असते. तिच्यावर शेकडो ल्युमेनचा झोत टाकणाऱ्याला मी खडूसपणे टोकतो, आणि पुढेही टोकणार.

एवढे वाचून कुणी सोल्डरिंग आयर्न तापवायला घेतलेच, तर एक लक्षात असू द्या. रेझिस्टर बसवलेली बॅटरी बटणाने पुरती बंद होत नाही. बॅगेत टाकताना शेपटीचे झाकण उजेड विझेपर्यंत सैल करा, म्हणजे संपर्क तुटेल आणि सेल वाचतील.