विचारलं तर ‘नाही’ म्हणा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा काकांच्या तळमजल्यावरच्या घरातलं जवळपास सगळं गेलं. फ्रीज, टीव्ही, गाद्या, शिलाई मशीन यांची नोंद पंचनाम्यात झाली. शोकेसच्या खालच्या कप्प्यातल्या व्हीएचएस कॅसेटी कुणी नोंदवल्या नाहीत, आणि नोंदवून तरी किंमत काय लावणार? काकूने त्या नळाखाली धुऊन पडवीत ओळीने मांडल्या होत्या. फितीच्या वळ्यांत चिखल बसला होता. चालणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण टाकवतही नव्हतं.

त्यांच्या लग्नाच्या कॅसेटची दुसरी प्रत मात्र डोंबिवलीत आमच्या माळ्यावर होती. १९९१ साली स्टुडिओवाल्याने दोन प्रती दिल्या होत्या, एक नवराबायकोला आणि एक थोरल्या भावाला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, एवढ्यावर ती वाचली. त्यानंतर काकांचा फोन आला की बाबांच्या तब्येतीआधी कॅसेटची चौकशी. “बरी आहे ना ती? बघून ठेव एकदा.” बघायची कशावर? आमचा व्हीसीआर भंगारात गेल्याला कितीतरी वर्षं झाली होती.

माळा उतरवला तेव्हा दोन व्हीएचएस निघाल्या. मामाने मस्कतहून आणलेल्या हँडीकॅमच्या व्हिडिओ-एट कॅसेटी निघाल्या, नंतरच्या मिनी-डीव्ही निघाल्या, माझ्या लग्नाच्या व्हीसीडी निघाल्या. शिवाय बदललेल्या प्रत्येक फोनमधून पेनड्राइव्हवर ओतून ठेवलेला ढीग होताच. व्हीसीडीतलं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आताच्या टीव्हीवर सगळ्यांची तोंडं पुसट. पण इफेक्ट शाबूत आहेत. मी हार घालते, तिथे एक कमळ उमलतं आणि कमळातून सासूबाई प्रकटतात.

व्हीएचएस आणि व्हिडिओ-एटचं काम दादरच्या एका स्टुडिओला दिलं. तिथल्या माणसाने मशीनला हात लावण्याआधी प्रत्येक कॅसेटची झडप उचलून फीत उजेडात बघितली. बुरशी लागलेली कॅसेट लावली की ती बुरशी प्लेअरच्या हेडवर जाते आणि मागून येणाऱ्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. आमच्या एकीवर पांढरे ठिपके सापडले, ती त्याने बाजूला काढली. काकांची निर्दोष होती.

मिनी-डीव्ही मी घरीच केल्या, कारण बाबांचा कॅमेरा अजून चालू होता आणि फायरवायरचं पोर्ट असलेला जुना लॅपटॉपही होता. यात घाई चालत नाही. तासाची कॅसेट तासभरच चालते, आणि तेवढा वेळ लॅपटॉपला दुसरं काही करायला लावायचं नाही. त्यामुळे आईबाबा शेजारी बसून सगळं बघत. कॅमेरा बाबांच्या हातात असल्यामुळे ते कुठे दिसत नाहीत, फक्त “इकडे बघ, इकडे बघ” एवढं ऐकू येतं. एका गणपतीत लेन्सवरचं झाकण काढायचंच राहिलं होतं. वीसेक मिनिटं काळोख, आणि काळोखात आजी दारावर आलेल्या फणसवालीशी भावावरून हुज्जत घालतेय. बाबा म्हणाले, “एवढं उडव, उगाच जागा खाईल.” आईने आणि मी ऐकलं नाही. बाकी चित्रणात आजी कॅमेरा दिसला की पदर सावरून गप्प बसते. तिचं मनमोकळं बोलणं फक्त त्या काळोखात आहे.

तारखा लावणं हे सगळ्यांत चिवट काम ठरलं. व्हिडिओ-एटच्या चित्रातच कोपऱ्यात तारीख उमटलेली आहे, पण कॅमेऱ्याच्या घड्याळाचा सेल मेल्यापासून आमच्या घरात रोज १ जानेवारी. मग आईने साड्यांवरून वर्षं काढली. ही मोरपिशी नारायणपेठ धाकटीच्या दहावीच्या वर्षी घेतली, म्हणजे हा गणपती त्याच्या पुढचा. बाबा सोफ्याच्या कापडावरून सांगत. दोघांचं जुळलं नाही की मी आईचं धरत असे. साड्यांच्या बाबतीत तिची स्मरणशक्ती पासबुकाइतकी पक्की आहे, आणि बाबांनी सोफ्याचं कापड फार वेळा बदललेलं आहे.

मग जागेचा हिशेब. मिनी-डीव्हीचं एका तासाचं चित्रण साधारण १३ जीबी भरतं. दोन डझन कॅसेटी धरल्या तर तीनशेच्या वर. फोनचं उलट आहे, कॅसेटी कधीतरी संपतात, फोनचं चित्रण संपत नाही. आयफोनवर फोर-के, सेकंदाला ३० चौकटी असं शूटिंग केलं तर मिनिटाला सुमारे १७० एमबी जातात, आणि माझा भाचा कुत्रा झोपलेला असला तरी फोर-केमध्येच घेतो. सगळं धरून दोन टीबी पुरे होते, थोडी वाढ धरूनही.

याच सुमाराला काकांनी मला एक जाहिरात पाठवली. सोळा टीबीची एसएसडी, किंमत एका बऱ्या साडीपेक्षा कमी. मी फोन करून सांगितलं, हात लावू नका. अशा डब्यांत आत एखादं लहानसं मेमरी कार्ड असतं आणि त्याच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. संगणक विचारतो किती जागा, तो सांगतो सोळा टीबी. फाइली जाताना दिसतात, नावंही दिसतात. खरी जागा भरली की पुढचं आधीच्याच्या डोक्यावर लिहिलं जातं किंवा हवेत जातं, आणि हे कळतं ते वर्षभराने फाइल उघडायला गेल्यावर. जर्मनीतल्या ‘सीटी’ या संगणक मासिकाने अशा मालाची झडती घेणारा एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम काढलेला आहे. तो सगळी जागा लिहून भरतो आणि परत वाचून ताडतो.

मी लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने आधी एसएसडी पुढे केली. “मॅडम, ये लो, एकदम फास्ट.” वेगवान असतेच ती, पडली तरी सहसा काही होत नाही. पण त्याच पैशात निम्म्याहून कमी जागा मिळत होती, आणि मला वेग नकोच होता. शिवाय एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात राहते. वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तो भार झिरपू शकतो. आमच्या डिस्कचं आयुष्य कपाटातच जाणार. चुंबकीय तबकडीवाली साधी हार्ड डिस्क असं पडून राहणं जास्त सोसते. तिचं वैर धक्क्यांशी, तेही चालू असताना. बंद असताना तिचं हेड तबकडीवरून उतरून बाजूला विसावलेलं असतं.

साडेतीन इंची मोठी डिस्क स्वस्त पडते, पण तिला वेगळा अडॅप्टर लागतो. चिपळूणला एक वायर जास्त म्हणजे एक वायर हरवणार. म्हणून अडीच इंची, यूएसबीवरच चालणाऱ्या, दोन टीबीच्या दोन घेतल्या. मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच घाण्यातल्या दोन्ही एकदम बिघडायला नकोत. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराच्या नावावर एक नियम सांगतात, की प्रती तीन, साधनं दोन प्रकारची आणि एक प्रत घराबाहेर. घरच्या कॉम्प्युटरमधली धरून माझ्या तीन झाल्या. साधनांचं कलम मी सोडून दिलं. घराबाहेरचं कलम पटवून द्यायला मला कुणी छायाचित्रकार लागला नसता, चिपळूणकरांना विचारा.

घरी डिस्क लावली आणि विंडोजने १.८१ टीबी दाखवले. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. “दोनचे पैसे देऊन आलीस आणि एकोणीस शतांश कुठे गेले?” कंपनी एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरते, विंडोज दर पायरीला १०२४ ने भागत येतं. डिस्क तीच, मापं दोन. धाकट्या बहिणीच्या मॅकवर हीच डिस्क पूर्ण दोन टीबीची दिसते, हे सांगितल्यावर बाबांचा संशय उलट वाढला.

बहीण स्टुटगार्टला असते, म्हणून फॉरमॅटचा प्रश्न आला. तोवर मला वाटत होतं की फॉरमॅट म्हणजे दुकानदाराने करून दिलेली गोष्ट. पण डिस्क कोण कोण उघडणार याची यादी केली आणि गाडी अडली. आमच्याकडे विंडोज, बहिणीकडे मॅक, काकांकडे पुरानंतर घेतलेला स्वस्तातला टीव्ही. फॅट-३२ तिघांनाही कळतं, पण त्यात एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही, आणि माझी एकेक कॅसेट तेरा जीबीची. (मेमरी कार्डावरच्या लांब चित्रणाचे तुकडे का पडतात, हे मला त्या दिवशी कळलं.) एनटीएफएस विंडोजचं घरचं. मॅक ते वाचतो, पण त्यावर लिहू देत नाही, आणि बहिणीला तर भाच्याचं चित्रण त्याच डिस्कवर घालून परत पाठवायचं होतं. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये काढलं, मॅकने २०१० पासून स्वीकारलं. दोन्हीकडे लिहिता येतं, चार जीबीची अट नाही. राहिला टीव्ही.

टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत यावर अक्षर नव्हतं. मग चुलतभावाला तीन पेनड्राइव्ह घ्यायला लावले. एकेक एकेका पद्धतीने फॉरमॅट करायचा, प्रत्येकावर तीच लहान फाइल टाकायची आणि टीव्हीला लावून बघायची. निकाल संध्याकाळी आला, फॅट-३२ चालतो, एनटीएफएस चालतो, एक्सफॅट लावला की टीव्ही मख्ख. म्हणून स्टुटगार्टची डिस्क एक्सफॅट, चिपळूणची एनटीएफएस. काकांना त्यावर लिहायचं नव्हतंच, बघायचं होतं.

फॉरमॅट करताना विंडोज ‘क्विक फॉरमॅट’वर खूण करूनच देतं. खूण ठेवली तर गोदामातला माल न बघता नुसती नवी खातेवही उघडली जाते, काम काही सेकंदांत होतं. मी खूण काढली. विस्टापासूनचं विंडोज पूर्ण फॉरमॅट करताना डिस्कच्या प्रत्येक जागेवर शून्य लिहून जातं आणि खराब जागा आढळल्या तर बाजूला काढतं. नव्या डिस्कची एवढी झडती मला हवी होती. दोन टीबीला पाचेक तास लागतात. लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग करून, चार्जर लावून, आम्ही झोपलो. अलोकेशन युनिट साइझ आहे तोच ठेवला. मोठ्या फाइलींना त्याने फारसा फरक पडत नाही.

कॉपी करताना टेराकॉपी वापरलं, कारण ते शेवटी दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम ताडून बघतं. प्रत्येक डिस्कवर दोन फोल्डर केले. एकात कॅसेटीवरून उतरलं तसं मूळ, दुसऱ्यात हँडब्रेकमधून काढलेल्या एच-२६४च्या एमपीफोर फाइली, कारण काकांच्या टीव्हीला डीव्हीच्या मूळ फाइली चालत नाहीत. नावं आधी मी हौसेने देवनागरीत दिली होती. त्या टीव्हीवर ती सगळी चौकोन चौकोन दिसली. मग रोमन अक्षरांत, आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग.

दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीने डिस्क चिपळूणला नेली. तिथे टीव्हीच्या एका यूएसबी पोर्टावर ती नुसती टकटक करत राहिली. त्या पोर्टातून येणारी वीज तिला पुरत नव्हती. दुसऱ्यावर बारीक अक्षरांत एचडीडी लिहिलेलं होतं, तिथे लागली. लग्न सुरू झालं. काकू मंगलाष्टकांपर्यंत गप्प होती, नंतर पंगतीत कोण कोण आहे याची गणती सुरू झाली आणि रिमोट तिच्या ताब्यात गेला.

मला भीती वेगळीच होती. डिस्क ओळखता आली नाही की ही सगळी यंत्रं नम्रपणे एकच गोष्ट सुचवतात. विंडोज म्हणतं, वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. मॅक ‘इनिशियलाइझ’चं बटण दाखवतो. रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स तर कामालाच लागायला बघतो. वायर सैल असली तरी हा प्रश्न येऊ शकतो, आणि घरातला भला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. मी डिस्कवर औषधाच्या लेबलाएवढा कागद चिकटवला : ‘काही विचारलं तर नाही म्हणा आणि मला फोन करा.’ काकांनी तो वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, “आणि जेवणार का विचारलं तर?”

आता दर दिवाळीला चिपळूणची डिस्क डोंबिवलीला येते. लावून बघायची, चेकसम ताडायचे, वर्षाचं नवीन घालायचं आणि भाऊबीज झाली की परत. स्टुटगार्टच्या डिस्कबद्दल मी सांगून ठेवलंय की ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर ओढायची नाही. एक्सफॅट अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद ठेवत नाही, त्यामुळे मध्येच ओढली तर तिथला घोळ निस्तरणं कठीण. भाच्याने मान डोलावली आहे.

बुरशीची ती कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे. आईच्या मते तिच्यात आत्याचं डोहाळजेवण आहे. आत्यानेही एक डिस्क मागितली आहे, सातारच्या घरासाठी. ती टीव्ही बघत नाही, नातवाच्या फोनवर बघते. फोन कुठला आणि तो एक्सफॅट घेतो का, हे नातवाला विचारलंय. परीक्षा संपल्यावर सांगतो म्हणाला.