आठशे डॉलरचे घर

मे महिन्याच्या सुट्टीत मी अमेरिकेत डेट्रॉइटला धाकट्या भावाकडे गेले होते. तो पुण्याहून मोटारीच्या कंपनीतर्फे तिकडे गेला आहे. एका शनिवारी म्हणाला, "आपा, चला, तुम्हाला एक घर दाखवतो."

वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे २६४८ क्रमांकाचे दुमजली घर. दर्शनी भागावर निळी अक्षरे: 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ मध्ये ते घेतले. वर बिऱ्हाड, खाली रेकॉर्डिंग. जगभर गाजलेली मोटाउन कंपनी इथेच वाढली.

'स्टुडिओ ए' ही खोली मला शाळेच्या एका वर्गाएवढी वाटली. ती दिवसाचे २२ तास चालू असे. वादकांनी पायाने ताल धरून धरून जमीन झिजवली आहे. आवाज घुमावा म्हणून छताला भोक पाडून माळ्याचा उपयोग केला होता. स्टीव्ही वंडर ११ वर्षांचा असताना इथे आला. तो अंध. त्याची आवडती चॉकलेट हाताला लागावी म्हणून यंत्रात ती नेहमी ठरलेल्या जागी ठेवत, असे तिथे सांगतात.

संगीताविषयी आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत. माझ्या मनाला भिडली ती वेगळीच गोष्ट. गॉर्डी कुटुंबाने सर्व भावंडांचा मिळून एक निधी जमवला होता. त्यातून कर्ज द्यायचे तर सर्वांची संमती हवी. बेरीचे रेकॉर्डचे दुकान आधीच बुडाले होते, मोटारीच्या कारखान्यातली नोकरीही सुटली होती. वय २९. थोरली बहीण एस्तर हिने आडकाठी घेतली. आजवर तू काय केलेस, हा तिचा सवाल. शेवटी ती राजी झाली आणि जानेवारी १९५९ मध्ये रीतसर करारावर ८०० डॉलर दिले गेले. पुढे तीच एस्तर कंपनीचा कारभार पाहू लागली. १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली, पण एस्तरने हे घर सांभाळले आणि १९८५ मध्ये त्याचे संग्रहालय केले.

मी गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी आमच्या सर्वांत धाकट्या बहिणीने शिलाईचे दुकान काढायला घरच्या भिशीतून साठ हजार मागितले होते. सगळे तयार होते. "आधीचे शिलाई मशीन विकून बसलीस, आता हे काय चालवणार?" असे म्हणून मीच मोडता घातला. त्यानंतर तिने काही मागितले नाही. मी मात्र तो माझा शहाणपणा समजत होते.

त्याच रात्री मी तिला फोन केला. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "आपा, लिहून घ्या, दोन साक्षीदारही ठेवा." उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला आहेच, ती तिने मला आठवण करून दिली.

कागद झाला आहे. ईदच्या आधी दुकान उघडेल, इन्शाअल्लाह. पहिला कपडा मी शिवायला टाकणार आहे, पूर्ण शिलाई देऊन.