न विचारता सापडणारी वाट

आमच्या धर्मग्रामात आता असे घर विरळाच, की ज्या घरातील एखादे तरी माणूस आखातात, लंडनला किंवा टोरांटोला नाही. मुले तिकडे स्थिरावली की कधीतरी आईवडिलांना बोलावणे येते, आणि उभ्या आयुष्यात मुंबईपलीकडे फारशी न गेलेली ती माणसे निघण्यापूर्वी आशीर्वादासाठी आमच्याकडे येतात. आशीर्वाद झाला की पिशवीतून तिकीट निघते. तिकडची थंडी, तिकडचे जेवण यांविषयी ती काही विचारीत नाहीत. मुलगी आहे ना तिथे! सारी धास्ती असते ती वाटेत विमान बदलण्याची. “फादर, तिथं उतरल्यावर कुणीकडं जायचं? आणि विचारायचं तरी कुणाला? आपल्याला कुठं त्यांची भाषा येते!” असे एका मावशींनी मला विचारले, तेव्हा मनात आले की विमानतळ उभारणारे मोठमोठे वास्तुशिल्पी गेली साठ-सत्तर वर्षे याच प्रश्नाचे उत्तर शोधीत आहेत.

विमानतळाचे कौतुक करताना आपण सहसा छताची उंची, काच आणि संगमरवर यांच्याविषयी बोलतो. माझी फूटपट्टी मात्र त्या मावशींची आहे. जेथे त्यांना एकही प्रश्न विचारावा न लागता त्या दुसऱ्या विमानापर्यंत पोहोचतील, त्या विमानतळाची मांडणी उत्तम. शोभेचा विचार त्यानंतर करावा.

शिक्षणाच्या व पुढे चर्चच्या कामाच्या निमित्ताने युरोपात जाण्यायेण्याचे जे योग आले, त्यांत अॅमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ मला या कसोटीला सर्वाधिक उतरलेला वाटला. हा विमानतळ समुद्रसपाटीच्या सुमारे ३ मीटर खाली आहे. एकेकाळी तेथे हार्लेमचे विशाल सरोवर होते; वाफेच्या पंपांनी पाणी उपसून १८५२ पर्यंत ते कोरडे करण्यात आले. खाजणाला बांध घालून शेती करणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही गोष्ट सांगितली असती तर त्यांनी मान डोलावली असती! १९६७ साली तेथे नवी इमारत उघडली आणि तेव्हापासून एक तत्त्व कसोशीने पाळले गेले, ते म्हणजे सारे काही एका छपराखाली. इमारत कितीही वाढली, तरी पंजाला बोटे फुटावीत तशी तिला नवी बोटे फुटत गेली. दुसऱ्या विमानासाठी दुसऱ्या इमारतीत, रस्ता ओलांडून, बस शोधून जाण्याची वेळ प्रवाशावर येत नाही.

दुसरी गोष्ट तेथील फलकांची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे. बेनो विसिंग या आरेखनकाराने १९६७ साली हे फलक आखले आणि अंतर्भागाची रचना करणाऱ्या खो लियांग ई यांनी भिंती, जमीन व आसने यांचे रंग मुद्दाम सौम्य ठेवले, जेणेकरून डोळ्यांत भरावे ते फक्त फलक. एका कलावंताने दुसऱ्याच्या कामासाठी आपला हात आखडता घेतला, हे मला त्या साऱ्या इमारतीतील सर्वांत देखणे शिल्प वाटते. विमानाकडे नेणारे फलक एका रंगसंगतीचे आणि उपाहारगृह, प्रसाधनगृह वगैरे दाखवणारे दुसऱ्या. भाषा न येणारा माणूसही पिवळ्या पाटीचे बोट धरून चालत राहू शकतो.

याच्या नेमके उलट टोक पॅरिसला आहे. तेथील शार्ल द गोल विमानतळाची पहिली इमारत १९७४ साली उघडली. पॉल आंद्रू या तरुण वास्तुशिल्पीने ती आखायला घेतली तेव्हा त्याने तिशीही ओलांडली नव्हती. कल्पना विलक्षण होती. मध्ये एक भव्य वर्तुळाकार वास्तू, भोवती ७ उपग्रह, त्यांना जोडणारी भुयारे, आणि मधल्या मोकळ्या पोकळीतून पारदर्शक नळ्यांतून वर-खाली जाणारे सरकते जिने. गाडी वरच्या मजल्यावर ठेवावी आणि थोडक्या पावलांत विमान गाठावे, हा हेतू. छायाचित्रात ती वास्तू आजही भुरळ घालते. परंतु वर्तुळाला पुढची बाजू नसते नि मागचीही नसते. आत उभे राहिलेल्या माणसाला चहूकडे तीच वाकडी भिंत दिसते; आपण कोठून आलो याची खूण उरत नाही. चर्चच्या दारात पाऊल ठेवताच समोर वेदी दिसते, म्हणून तेथे कुणी ‘वेदी कुठे आहे’ असे विचारीत नाही; वर्तुळात ती सोय नाही. शिवाय वर्तुळाला बोटेही फुटत नाहीत. अशा अनेक गोल इमारती बांधण्याचा मूळ बेत सोडून देऊन पुढची इमारत निराळ्याच घाटाची बांधावी लागली.

वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाची कथा याहून करुण आहे. एरो सारिनेन या थोर वास्तुशिल्पीने आपली माणसे घड्याळे देऊन निरनिराळ्या विमानतळांवर पाठवली व प्रवासी किती चालतो ते मोजून घेतले. मग त्याने ठरवले की प्रवाशाने विमानाकडे चालत जायचेच नाही. चाकांवरची एक खोली शंभरएक माणसांना घेऊन विमानाच्या दारापर्यंत जाईल. १९६२ साली विमानतळ सुरू झाला, पण तो पाहायला सारिनेन हयात नव्हता. विमाने मोठी होत गेली, एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्या फिरत्या खोल्या अडचणीच्या ठरू लागल्या. त्यांचे बरेचसे काम २०१० पासून भुयारी गाडी करू लागली. छपराचा तो डौलदार झोका मात्र आजही मान वर करायला लावतो.

येथवर मी माणसांच्या चालण्याविषयी लिहिले. पण विमानतळावर विमानांनाही चालावे लागते, आणि त्यांची वाट प्रवाशाला दिसत नसली तरी खोळंबा त्यालाच सोसावा लागतो. स्किपोलच्या दोन बोटांमधील बेचक्यात एक विमान मागे सरकत असले की दुसऱ्याला थांबावे लागते. २००३ साली बांधलेली तेथील नवी धावपट्टी तर इतकी दूर आहे, की विमान उतरल्यावर महामार्गावरचा पूल ओलांडून दहा-पंधरा मिनिटे नुसते चालत येते. अमेरिकेतील अटलांटाने १९८० साली यावर सरळसोट तोडगा काढला. प्रवाशांच्या लांबट इमारती एकमेकींना समांतर, मधली जागा दोन्ही टोकांना मोकळी, आणि साऱ्यांना जोडणारी गाडी जमिनीखालून. विमान एका टोकाने आत येते, दुसऱ्या टोकाने बाहेर पडू शकते. धावपट्ट्याही समांतर, आज त्या ५ आहेत. ही मांडणी कुणी सुंदर म्हणणार नाही. तेथील भुयारात शिरल्यावर दिवस आहे की रात्र हेही कळत नाही. परंतु वर्षाला १० कोटी प्रवाशांचा टप्पा जगात प्रथम ओलांडला तो याच विमानतळाने, २०१५ साली.

आपल्या मुंबईचे दुखणे नेमके येथे आहे. सहार-सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच वापरता येते. एका धावपट्टीवरून दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा करवून घेणाऱ्या नियंत्रकांचे कौशल्य वादातीत आहे. परंतु जी फुली जमिनीवर मारली गेली, ती वर कितीही देखणी इमारत बांधली तरी पुसता येत नाही. चहूबाजूंनी वस्ती, मिठी नदी धावपट्टीच्या पोटाखालून वाहते. हलायला जागा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात दोन धावपट्ट्या समांतर आहेत. त्या सरळ रेषा आखण्यासाठी टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि गावेच्या गावे आपली घरे, देवळे, विहिरी सोडून दुसरीकडे गेली. मांडणी सोयीची झाली असे म्हणताना ती कुणाच्या अंगणावर आखली गेली, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

सौंदर्याविषयी मी आतापर्यंत जरा रुक्षपणे लिहिले, याची जाणीव आहे. परंतु सौंदर्य आणि सोय यांचे वैर नाही, हे लंडनजवळच्या स्टॅनस्टेडने १९९१ साली दाखवून दिले होते. नॉर्मन फॉस्टर यांनी वातानुकूलनाची, विजेची सारी यंत्रणा छतावरून काढून जमिनीखाली नेली. छत हलके झाले, त्यातून दिवसाचा उजेड थेट उतरू लागला. झाडांच्या फांद्यांसारखे खांब, एकच सपाट मजला, आणि समोर, आरपार, उभी असलेली विमाने. जायचे कोठे ते दारातूनच दिसे. पुढे त्या मोकळ्या जागेत दुकाने आली, सुरक्षा तपासणीचा पसारा वाढला आणि ती सरळ वाट दुकानांमधून नागमोडी झाली. आज बहुतेक मोठ्या विमानतळांवर हेच दिसते. तपासणी संपते न संपते तोच अत्तरांच्या व मद्याच्या बाटल्यांमधून वळसे घेत चालावे लागते. दुकानांच्या भाड्यावर विमानतळाचा मोठा खर्च भागतो, हे मला समजते. पण वाट जाणूनबुजून वाकडी करणे आणि गोंधळलेल्या प्रवाशाला गिऱ्हाईक समजणे मला रुचत नाही.

२०१४ साली सुरू झालेल्या सहारच्या नव्या इमारतीत एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. मोरपिसाऱ्यासारखे उमलणारे पांढरे खांब सुंदर आहेतच, पण मी म्हणतो ती गोष्ट त्यांच्याही बाहेरची आहे. आपल्याकडे एक माणूस निघतो आणि पोहोचवायला दहा येतात, हे आराखडा करणाऱ्या स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल या अमेरिकन संस्थेने ध्यानात घेतले आणि वरच्या मजल्यावर गाड्या थांबण्याची जागा मुद्दाम ऐसपैस ठेवली. तिकीट व ओळखपत्र दाखवल्याशिवाय आपल्याकडे इमारतीत प्रवेश नाही, त्यामुळे खरा निरोप तेथेच होतो. स्किपोलला पोहोचवायला आलेला माणूस सरळ आत येतो, मुलाशेजारी बसून कॉफी घेतो आणि त्याच इमारतीच्या खालच्या फलाटावरून गाडी धरून घरी जातो. सहारला आई काचेबाहेर थांबते. काच उंच आणि स्वच्छ आहे. रांगेत उभा असलेला मुलगा पुष्कळ वेळ दिसत राहतो, मग ट्रॉली वळते.