अकरा महिन्यांचा करार

आम्ही दोघेही उर्दू शाळेत शिक्षक. सरकारी मराठीतला कागद लिहायचा म्हटले की आमचा हात अडखळतो. गेल्या वर्षी भाड्याचे घर शोधताना चार ठिकाणी आमचे नावच आड आले. एका काकांनी मात्र काही न विचारता चावी हातात दिली. म्हणाले, "करार तुम्हीच लिहून आणा, तुम्ही मास्तर माणसे."

आम्ही तो चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. मिनिटभरात मसुदा तयार! करार, मुदत, रक्कम, शर्त, हक्क... सगळे आमच्या घरातलेच शब्द. बरे वाटले. त्यातच एक वाक्य होते : मुदत ११ महिन्यांची असल्याने नोंदणीची गरज नाही.

वकिली करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने सहीपूर्वी कागद वाचला. "सर, १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सक्ती नाही, म्हणून यंत्राने असे लिहिले असेल. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही."

आम्ही गप्प झालो. चूक यंत्राची, निष्काळजीपणा आमचा आणि शिक्षा काकांना! ज्यांनी नाव न पाहता घर दिले, त्यांनाच आम्ही गुन्हेगार ठरवायला निघालो होतो.

कराराची रीतसर नोंदणी झाली. मसुद्यासाठी यंत्र आम्ही आजही वापरतो, पण जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय सही करत नाही. अक्षर सुंदर म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे मुलांना आम्ही रोज सांगतो. तो धडा आम्हालाच पुन्हा गिरवावा लागला.